तोतये

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमची कन्या पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने आली. दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर असा सारा मुलूख चाकांखाली घालून ही गाडी गोंदियाला टेकते, तेव्हा प्रवासी आणि डबे यांपैकी अधिक शिणलेले कोण, हे सांगणे कठीण असते. पण कन्येने घरात पाऊल टाकले, आजीच्या पाया पडली, आईच्या हातचे दोन अनारसे उभ्याउभ्याच तोंडात टाकले आणि ओसरीवरच्या आरामखुर्चीत लॅपटॉप उघडून बसली. ती आरामखुर्ची माझी आहे. मुलगी मिळवती झाली की बापाच्या मालकी हक्कांत पहिला बदल होतो तो असा.

आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्या बहिणीच्या नावाने तिला हाक मारली. आम्ही सारे हसलो. "वय झालं आता," मी म्हणालो. कन्याही हसली, पण क्षणभर उशिरा.

थोड्या वेळाने ती फोनवर कोणाला तरी सांगताना ऐकू आले, "काळजी करू नकोस रे. बँक मी मॉक केली आहे. सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत."

माझा कान उभा राहिला. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या फोनवरचा मजकूर ऐकू आला नाही तरी शब्द ऐकू येतात. मॉक करणे म्हणजे वाकुल्या दाखवणे, एवढे इंग्रजी मला येते. घराचे कर्ज काढल्यापासून बँकेला वाकुल्या दाखवाव्यात असे मला दर महिन्याच्या पाच तारखेला वाटते. पण ते कृत्य माझी मुलगी पगार घेऊन करते आणि वर सगळे हिरवेगार आहे म्हणून सांगते, हे ऐकून माझा ऊर भरून आला. फोन संपल्यावर मी विचारले, "कोणत्या बँकेची फजिती केलीस?"

ती इतकी हसली की सौभाग्यवती हातातला झारा घेऊन बाहेर आली.

मग तिने मला जे समजावले, ते माझ्या शब्दांत सांगतो. ती जो प्रोग्रॅम लिहिते, तो लोकांची बिले चुकती करतो. गिऱ्हाईक बटण दाबते, प्रोग्रॅम बँकेला विचारतो, बँक "पैसे मिळाले" म्हणते किंवा "मिळाले नाहीत" म्हणते, आणि त्याप्रमाणे गिऱ्हाइकाला पावती जाते किंवा दिलगिरी. आता हा पावतीचा भाग बिनचूक आहे की नाही, हे पाहायचे म्हणजे तो चालवून पाहायला हवा. एकदा नव्हे, दिवसातून शंभरदा, कारण कोडमध्ये कुठे एक ओळ हलली तरी ती आणखी कुठे जाऊन काय करील याचा नेम नसतो. अशा छोट्या छोट्या भागांच्या चाचण्यांना युनिट टेस्ट म्हणतात. पास झाली की पडद्यावर हिरवी खूण, नापास झाली की लाल. आमच्या विद्यापीठापेक्षा निकाल पुष्कळ लवकर लागतो.

अडचण एवढीच, की दर वेळी खऱ्या बँकेला विचारायचे कसे? खरी बँक वेळ लावते, कधी बंद असते, आणि खरेच पैसे कापते. म्हणून चाचणीपुरती बँकेच्या जागी एक दोन-तीन ओळींची खोटी बँक बसवतात. नाव तेच, दार तेच. प्रोग्रॅमला वाटते आपण बँकेशीच बोलतो आहोत. आत कोणी नसते. काहीही विचारले तरी एकच ठरलेले उत्तर येते : "पैसे मिळाले."

"याला स्टब म्हणतात," ती म्हणाली.

स्टब म्हणजे खुंट. झाड तोडल्यावर जो मागे राहतो तो. सावली नाही, पान नाही, पण गाय बांधायला पुरतो. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवले असावे असे मला वाटले.

आणि या खुंटाचे गुण ऐकाल तर खऱ्या झाडाचे विसराल. खऱ्या बँकेला "आज तू जरा बेशुद्ध पड, आमचा प्रोग्रॅम घाबरतो का ते पाहू" असे सांगता येत नाही. खोटीला येते. एक खुंट नेहमी "खात्यात शिल्लक नाही" म्हणतो, दुसरा उत्तरच देत नाही, तिसरा अर्धे उत्तर देऊन मध्येच तुटतो. वर्षात एखाद्या वेळी ओढवणारे संकट रोज सकाळी चहाच्या आधी घडवून पाहता येते. तिने घड्याळाचेही उदाहरण दिले. व्याज आकारणारा प्रोग्रॅम २९ फेब्रुवारीला चुकतो की काय, हे पाहायला चार वर्षे थांबायचे का? घड्याळाच्या जागी खुंट बसवायचा. त्याला विचारले की तो म्हणणार, आज २९ फेब्रुवारी. बारा महिने तेरा काळ त्याची २९ फेब्रुवारी.

"मग मॉक म्हणजे हेच की," मी पुस्तकी उतावीळपणाने म्हणालो.

"नाही बाबा. इथंच सगळे घोळ घालतात."

खुंट नुसते उत्तर देतो. मॉक उत्तर देतो आणि शिवाय मनात हिशेब ठेवतो. त्याला आधीच सांगून ठेवलेले असते, की हा प्रोग्रॅम तुझ्याकडे एकदाच येईल, साडेचारशे रुपये मागेल, आणि पुन्हा येणार नाही. प्रोग्रॅम दोनदा आला तर मॉक तिथल्या तिथे चाचणी नापास करतो. खुंटाच्या हे ध्यानातही येत नाही. तो दोन्ही वेळा "मिळाले, मिळाले" म्हणून मोकळा. गिऱ्हाइकाच्या हाती पावती अगदी बरोबर, फक्त पैसे दोनदा गेलेले! म्हणजे एकाशी चाचणी करताना आपण शेवटी हाती काय आले ते पाहतो. दुसऱ्याशी करताना वाटेत तुम्ही वागलात कसे, हे पाहतो. साहित्याच्या समीक्षेत आम्ही कृती आणि आशय यांवर जितकी भांडणे केली, तितकीच या मंडळींनी या भेदावर केली आहेत हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला. लंडनमधल्या टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग या तिघांनी २००० साली सार्डिनिया बेटावरच्या एका परिषदेत या मॉकवर निबंध वाचला. मार्टिन फाउलर नावाच्या गृहस्थाने २००४ मध्ये, मॉक म्हणजे स्टब नव्हे, एवढेच सांगण्यासाठी एक लांबलचक लेख लिहिला. आणि २००७ मध्ये जेरार्ड मेझारोस याने आपल्या जाडजूड ग्रंथात या सगळ्या खोट्या मंडळींना मिळून एक कुळनाव दिले : टेस्ट डबल. सिनेमात नायकाच्या ऐवजी जो घोड्यावरून पडतो, त्याच्यावरून.

डबल म्हणजे आपला तोतया! मी खुर्चीवरून (दुसऱ्या, लाकडी) जवळजवळ उठलो. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला, त्याने बंड केले, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. तो तोतया आणि हा तोतया यांत फरक एवढाच, की त्याला उघडा पाडण्यासाठी पेशवाईने चौकशा बसवल्या, आणि याला हे लोक हौसेने घरात आणून खऱ्याच्या गादीवर बसवतात. उलट त्याच्यापुढे खऱ्या प्रोग्रॅमचीच चौकशी चालते.

"मराठीत काय म्हणता येईल?" कन्येने विचारले. तिने विचारले ते मला खूष करण्यासाठी, हे मला कळत होते. तरी मी खूष झालो.

मॉकला आपल्या सरकारी मराठीत एक फार देखणा शब्द आहे : अभिरूप. अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद, अभिरूप मतदान. संस्कृतात अभिरूप म्हणजे सुंदर. विद्वान असाही अर्थ आहे. कार्यालयातल्या कोण्या अज्ञात भाषांतरकाराने लुटुपुटीच्या गोष्टीला सुंदर आणि विद्वान करून टाकले. या शब्दाशी माझी ओळख मात्र शब्दकोशात झाली नाही. ती झाली निवडणुकीच्या कामावर.

प्राध्यापकाला केंद्राध्यक्ष करून खेड्यातल्या शाळेत पाठवतात. रात्री बाकावर निजायचे, पहाटे उठायचे, आणि मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचे. किमान पन्नास मते टाकायची, प्रत्येक चिन्हाला, आणि 'यांपैकी कोणीही नाही' यालाही. मग मोजणी करायची, चिठ्ठ्या जुळतात का पाहायचे, आणि यंत्राच्या पोटातली ती खोटी मते पुसून टाकायची. छापलेल्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या. हे पुसणे विसरणे म्हणजे केंद्राध्यक्षाची शंभर वर्षे भरणे. कन्या म्हणाली, त्यांच्याकडेही असेच आहे : चाचणी झाल्यावर तोतया उठवून खऱ्याला जागेवर बसवायला विसरलात, की पुढच्या साऱ्या चाचण्या खोट्यावर चालतात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

पण मला त्यातले दुसरेच काही सांगायचे होते. अभिरूप मतदानात यंत्र खरे असते. खोटे असतात ते मतदार. म्हणजे परीक्षा यंत्राची आणि तोतये आम्ही. २८ मे २०१८ रोजी आमच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. नवतपा चालू होता. विदर्भातला नवतपा ज्याने पाहिला नाही, त्याला मे महिना नुसता पंचांगात ठाऊक आहे. मी ज्या केंद्रावर होतो, तिथे यंत्र पहाटेही सरळ चालले आणि दिवसभरही. हे माझे नशीब. पण त्या दिवशी मतदारसंघातल्या पुष्कळ केंद्रांवर यंत्रांनी मान टाकली, आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे लागले. उन्हाने यंत्रे तापली असे त्या दिवशी जो तो म्हणत होता. पुढे निवडणूक आयोगाकडून कारण कळले ते निराळे : चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रात कागद ओळखणारे जे संवेदक असतात, त्यांच्यावर जादा उजेड पडला होता. पुढच्या निवडणुकांसाठी त्यांवर आडोसा बसवण्यात आला, आणि दमट हवेला दाद न देणारा कागद आला.

उजेड! पहाटेच्या आमच्या पन्नास मतांत सर्व चिन्हे असतात, पण दुपारचा उजेड नसतो. आम्ही तोतया मतदार बटणे दाबतो तीही शिकवल्यासारखी. ज्याची चाचणी घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही, ते खिडकीतून आत येते.

हे ऐकून कन्या गंभीर झाली. म्हणाली, "बाबा, आमच्याकडे मार्चमध्ये नेमकं हेच झालं." समोरची जी पैसे घेणारी यंत्रणा, ती आधी रक्कम रुपयांत समजत असे. त्यांनी एके दिवशी ती पैशांत समजायला सुरुवात केली. तसे त्यांनी कळवलेही असावे. कळवलेले कोण वाचतो? हिच्या चाचण्यांतली खोटी बँक मात्र जुन्याच चालीने रुपये धरून बसली होती. तिला कोण सांगणार? रोज सकाळी सगळे हिरवे. आणि प्रत्यक्षात साडेचारशे रुपयांचे बिल साडेचार रुपयांत फिटू लागले. तीन तास कोणाच्या लक्षात आले नाही, कारण गिऱ्हाइकांपैकी एकानेही तक्रार केली नाही.

"खोटी बँक खोटं बोलत नव्हती," ती म्हणाली, "ती पूर्वीचं खरं बोलत होती."

मग उपाय काय? खुंट टाकून द्यायचे का? छे. त्यांच्यावाचून कामच चालत नाही. पण काही थोड्या चाचण्या, वेळ लागला तरी, खऱ्याच्या दारात जाऊन करायच्या. आणि अधूनमधून खरा आणि तोतया या दोघांना एकच प्रश्न विचारून उत्तरे जुळतात का ते पाहायचे. तिच्याकडे आता हे दर रात्री आपोआप होते. मार्चपूर्वी होत नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही ओसरीवर बसलो होतो. आईही होती, शालीत गुरफटलेली. कन्येचे ते तोतये माझ्या डोक्यात घोळतच होते, आणि मला एकाएकी आठवले, की मीही लहानपणी हेच काम केले आहे.

आमचे मूळ गाव अर्जुनी मोरगावकडचे. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, आणि त्याहून खरे सांगायचे तर झाडीपट्टीतले. धान कापून झाले, भाऊबीज सरली, की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक. रात्रभर चालते, उजाडल्यावर प्रेक्षक घोंगड्या झटकून उठतात. आमच्या गावच्या नाटकात पुरुष गावातलेच असत, नायिका मात्र बाहेरून पैसे देऊन आणावी लागे, आणि ती नाटकाच्या दिवशीच येई. तालमी पंधरा दिवस शाळेच्या पडवीत, कंदिलाच्या उजेडात. नायिका नाही तर नायकाने बोलायचे कोणाशी? मला वाचता बरे येत असे, म्हणून मला बसवले. वय वर्षे बारा. नायक माझे काका. मी वहीत बोट ठेवून वाचायचा, "नाथ, मला सोडून जाऊ नका," आणि दुसऱ्या हाताने पायावरचा डास मारायचा. सगळी वाक्ये एका सुरात, एका वेगात. काकांचे काम इतके चोख बसले, की शेवटच्या तालमीला म्हातारी माणसे डोळे पुसत होती.

नाटकाच्या रात्री खरी नायिका आली. दुसऱ्या अंकात ती "नाथ" म्हणाली आणि थांबली. तोंडाला पदर लावून हुंदके देऊ लागली. तालमीत हुंदका नव्हता. काकांनी सवयीप्रमाणे चार अंक मोजले आणि तिच्या हुंदक्यावरच आपले वाक्य ठेवून दिले. तिने मग तिचे म्हटले. काकांनी गोंधळून त्यापुढचे म्हटले. विंगेतला प्रॉम्प्टर इतक्या मोठ्याने वाक्य सांगू लागला की ते मागच्या बैलगाड्यांपर्यंत गेले. ऐन करुण प्रसंगी सारा मांडव हसत होता. दुसऱ्या दिवशी गावाने दोष दिला तो त्या बाईला. पण काका पंधरा दिवस जिच्याशी बोलायला शिकले होते, ती नायिका मी होतो. हिच्याशी त्यांची ओळखच नव्हती.

कन्या टाळ्या पिटत होती. तेवढ्यात शालीतून आवाज आला, "रडते कायले ते बाई! ठसका लागला होता तिले. कंदिलाचा धूर गेला नाकात. मीच पानी नेऊन देलं मंग."

आम्ही थक्क झालो. पस्तीस वर्षांपूर्वीचे तिला स्वच्छ आठवत होते. तिने त्या बाईच्या लुगड्याचा रंग सांगितला. काकांनी नंतर आठ दिवस मिशा काढून टाकल्या होत्या, तेही सांगितले. मला आत कुठेतरी फार हलके वाटले. बघा, असे काहीतरी माझ्या मनात आले. आणि मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुहा बाप कधी येते जेवाले? भात निवून जाईल."

वडिलांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

बाहेर कोणीतरी लवंगी माळ लावली. ती संपेपर्यंत कोणी बोलले नाही. सौभाग्यवतीने आईला उठवून आत नेले.

"कधीपासून?" कन्येने विचारले.

"श्रावणापासून जरा जास्त."

"मी दर रविवारी विचारते, बाबा."

ती विचारते खरी. दर रविवारी सकाळी दहाला फोन. "आजी कशी आहे?" आणि मी सांगतो, "मजेत आहे." श्रावणात आई एका दुपारी कोणाला न सांगता निघाली आणि बाजारातल्या एका दुकानदाराने तिला हाताला धरून घरी आणले, त्या रविवारीही मी हेच सांगितले होते. गॅस उघडा राहिला होता, त्या रविवारीही. कधी ती चित्र दिसणारा फोन करी, तेव्हा मी आईला शेजारी बसवून आधीच पढवून ठेवत असे : हात हलव, बरी आहे म्हण, जेवलीस का विचार. आई तसे करी. चुकली तर मी पडद्याबाहेरून हळूच सांगत असे. त्या प्रॉम्प्टरपेक्षा माझा आवाज लहान होता, एवढेच.

मी म्हणालो, तुझी नोकरी नवी, तू रजा टाकून धावत आली असतीस. हे खरे होते. पण पुरते खरे नव्हते. नागपूरच्या भावालाही मी हेच सांगत होतो, आणि तो काही नव्या नोकरीत नाही. रोज त्याच सुरात "मजेत आहे" म्हटले, की सांगणाऱ्यालाही ते पटत जाते.

ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "म्हणजे मी आजीशी बोलतच नव्हते." आणि लॅपटॉप मिटून आत आजीच्या खोलीत झोपायला गेली. (तीही दर रविवारी मला "वेळेवर जेवते" म्हणून सांगते. पण हे बोलण्याची ती वेळ नव्हती.)

तिने रजा चार दिवस वाढवली आणि आम्ही आईला नागपूरला दाखवायला नेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आईला विचारले, "आजी, आज वार कोणता?"

"गुरुवार," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता हात वर केला. "त्यांना सांगू द्या."

आई छताकडे पाहू लागली. मग त्यांनी विचारले, हा महिना कोणता, हे गाव कोणते, शंभरातून सात गेले किती. दर प्रश्नाला माझे तोंड उघडत होते. तिसऱ्या वेळी कन्येने माझा हात दाबून धरला, आणि मी पहिल्यांदाच, पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदाच, आईची स्वतःची उत्तरे ऐकत बसलो. डॉक्टरांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितले. आईने गोल छान काढला. आकडेही काढले, बाराच्या बारा. पण सगळे उजव्या अंगाला, एकमेकांच्या अंगावर, जसे काही डाव्या बाजूला वेळ नसतेच. मग तिने पेन खाली ठेवले आणि आपणच त्याकडे पाहत म्हणाली, "हे चुकलं ना रे बाबू?"

"मजेत आहे" या उत्तरात हे कुठे होते?

रक्त तपासले. बी-१२ हे जीवनसत्त्व फार कमी निघाले. त्याची इंजेक्शने सुरू झाली. विसरण्याची काही कारणे अशी भरून काढता येण्याजोगी असतात, म्हणून आधी तीच शोधायची, असे डॉक्टर म्हणाले. सगळे त्यानेच होईल असे मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि झालेही नाही. पाय थोडे स्थिर झाले. दुपारी एकटी बाहेर निघणे थांबले. वडील जेवायला यायचे आहेत, हे मात्र काही दिवस असते, काही दिवस नसते. श्रावणातच नेले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही.

आता रविवारी दहाला फोन वाजला की मी तो आईच्या हाती देतो आणि ओसरीवर जाऊन बसतो. कन्येची तशी सक्त ताकीद आहे : दारात उभे राहायचे नाही, शब्द पुरवायचे नाहीत. नंतर ती मला स्वतंत्र फोन करून विचारते, आणि तेव्हा माझे उत्तर आईच्या बोलण्याशी ताडून पाहते. मला त्याचा राग येत नाही. तिचा धंदाच तो आहे.

आईचे बोलणे मात्र ऐकण्यासारखे असते. बाहेर कडक ऊन असताना ती पाऊस सांगते. कधी नातीला नातीच्या नावाने हाक मारते, कधी लेकीच्या. गेल्या रविवारी ती पुष्कळ वेळ बोलत होती. यंदा मंडईला आपल्या गावी नाटक आहे, असे तिने पुण्याला कळवून टाकले. नायकाचे काम दीर करणार आहेत, आणि नायिकेच्या जागी सध्या तिचा मुलगा उभा राहतो.

पलीकडून कन्येने विचारले असावे, त्याचे पाठांतर झाले का.

"कायचं पाठ!" आई म्हणाली. "वाचूनच दाखवते. अन् मधात मधात डास मारते."